मधल्या पायऱ्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प आपण गुंफावे, असे कार्यवाहांनी मला सांगितले आणि विषयाची मोकळीक दिली. मी म्हणालो, ‘फुटबॉल.’ फोनवर क्षणभर शांतता पसरली. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, गेला बाजार पानिपत अशी काहीतरी त्यांची अपेक्षा असणार. परंतु ते सज्जन गृहस्थ असल्यामुळे त्यांनी ‘अवश्य, अवश्य’ म्हटले, आणि म्हणून मी आज आपल्यासमोर उभा आहे.

विषय सुचला तो या रस्त्यामुळेच. जुन्या मंडळींना हा रस्ता कर्झन रोड म्हणून आठवत असेल. त्याचे नाव कस्तुरबा गांधी मार्ग झाले त्याला आता फार वर्षे लोटली. याच रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिल आहे आणि याच रस्त्यावर २०१३ पासून आपले हे नवे महाराष्ट्र सदन आहे. निवृत्तीनंतर माझी सकाळ पुष्कळदा ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात जाई आणि तेथून निघालो की पाय आपोआप इकडे वळत. तेथे इंग्लंडची वृत्तपत्रे आणि येथे पिठले-भाकरी, असा माझा नित्यक्रम होता. त्या वृत्तपत्रांतूनच एका इंग्रज खेळाडूची हकीकत मला कळली, आणि येथवर चालत येता येता ती माझ्या कोल्हापूरच्या घराशी जाऊन भिडली. त्या दोन्ही हकीकती मी आज सांगणार आहे.

त्या खेळाडूचे नाव जेमी वार्डी. जन्म १९८७ चा, गाव शेफील्ड. तेथील मोठ्या क्लबने, शेफील्ड वेन्सडेने, त्याला कुमारवयात आपल्या शाळेत घेतले होते. सोळा वर्षांचा होण्याच्या सुमारास ‘तू अंगाने लहान आहेस’ म्हणून त्याला सोडून दिले. मुलाने काही काळ खेळच टाकला. पुढे तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या एका छोट्या गावच्या संघाकडून खेळू लागला. तेथे त्याला आठवड्याला ३० पौंड मिळत. पोटासाठी तो एका कारखान्यात जाई. मोडलेल्या हातापायांना आधार देणारी उपकरणे तेथे तयार होत. तो काही आदर्श मुलगाही नव्हता. २००७ मध्ये एका मारामारीच्या खटल्यात शिक्षा होऊन पायात विजेचा पट्टा घालून वावरण्याची वेळ त्याच्यावर आली. सायंकाळी ठराविक वेळेच्या आत घरी असणे सक्तीचे होते. म्हणून परगावी सामना असला की तो तासभर खेळे आणि सामना अर्ध्यावर टाकून घराकडे पळे.

अशा मुलाचे आपण काय म्हटले असते? ‘वाया गेला’ म्हटले असते. पण त्याच्या पुढे एक पायरी होती. २०१० मध्ये हॅलिफॅक्सच्या क्लबने त्याला घेतले. या क्लबची कथाही ऐकण्याजोगी आहे. जुना हॅलिफॅक्स क्लब २००८ मध्ये कर्जापायी बुडाला. गावाने तो नव्याने उभा केला. मात्र नियमाप्रमाणे त्याला तीन इयत्ता खाली जाऊन पुन्हा प्रारंभ करावा लागला. म्हणजे पडलेला क्लब आणि पडलेला मुलगा, दोघेही बरोबरच वर चढू लागले. वर्षभरात वार्डी फ्लीटवूडकडे गेला, तेथे गोलांमागून गोल केले, आणि २०१२ मध्ये लेस्टर सिटीने दहा लक्ष पौंड मोजून त्याला घेतले. मुख्य लीगच्या बाहेरच्या खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती. तेव्हा त्याचे वय होते २५. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात त्याने २०१५ मध्ये पदार्पण केले. त्याच वर्षी लागोपाठ ११ लीग सामन्यांत गोल करून त्याने विक्रम केला, आणि २०१६ च्या मे महिन्यात, ज्या लेस्टरवर पैजेचा भाव पाच हजारास एक असा होता, ते लेस्टर इंग्लंडचे विजेते झाले. तो २९ वर्षांचा होता. २०२५ मध्ये त्याने तो क्लब सोडला तेव्हा ५०० सामने आणि २०० गोल त्याच्या नावावर जमा होते.

ही गोष्ट सांगताना लोक त्याच्या जिद्दीचे गोडवे गातात. जिद्द होतीच. परंतु श्रोतेहो, जिद्द आपल्याकडेही काही कमी नाही. मला या हकीकतीत वेगळेच काही दिसले. शेफील्डच्या त्या कारखान्यापासून लेस्टरच्या मैदानापर्यंत एक जिना होता आणि त्या जिन्याच्या मधल्या पायऱ्या शाबूत होत्या. इंग्लंडमध्ये गावच्या संघापासून सर्वोच्च लीगपर्यंत इयत्तांची उतरंड आहे. जिंकणारा वरच्या इयत्तेत जातो, हरणारा खाली येतो. त्यामुळे सोळाव्या वर्षी कोणाच्या नजरेतून सुटलेला मुलगा विसाव्या, बाविसाव्या, पंचविसाव्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी नजरेस पडू शकतो. इयन राइट हा आर्सेनलचा प्रख्यात खेळाडूही असाच, मजुरीची कामे करीत, बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर एका लहान क्लबातून वर आला होता.

आता मी आपणास कोल्हापूरला नेतो.

कोल्हापूर म्हटले की कुस्ती, असे समीकरण सर्वांच्या मनात असते, आणि ते खरेही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले. परंतु बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते ते हे की त्याच तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार पेठ, फुलेवाडी ही नावे मुंबईच्या माणसाला आखाड्यांची वाटतील. कोल्हापुरात ती फुटबॉल-संघांची आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की शाहू स्टेडियम भरून वाहते. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची ईर्ष्या इतकी की एकाच घरातली दोन भावंडे त्या दिवशी एकमेकांशी बोलत नाहीत. क्लबला मालक नाही. पेठ हीच मालक. हॅलिफॅक्सचे लोक आपल्या बुडालेल्या क्लबसाठी का धावले, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, अशाच एका तालमीकडून खेळे. डाव्या पायाचा आघाडीचा खेळाडू. दिवसा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साच्यांचे काम, पहाटे गांधी मैदानावर सराव. हातापायांवर भाजल्याचे डाग असत आणि त्याच पायांवर पेठ जीव टाकी. १९७२ साली मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचा माणूस त्याचा खेळ पाहून गेला आणि चाचणीसाठी त्याला मुंबईला बोलावणे आले. त्या काळी आपल्याकडे हाच एक जिना होता. कंपन्या, गिरण्या, बँका, रेल्वे यांचे संघ असत. संघात निवड झाली की नोकरीही मिळे. आईने गाठोड्यात भाकऱ्या बांधून दिल्या. दादाचे मुंबईत ओळखीचे कोणी नव्हते. त्याने दादर स्टेशनच्या बाकावर रात्र काढली आणि सकाळी तसाच मैदानावर गेला. दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आले, ‘खेळ चांगला आहे, पण वय २४ झाले. आम्हांला अठरा-एकोणीसचा मुलगा हवा.’

रात्रीच्या गाडीने तो परतला आणि घरी न येता थेट फाउंड्रीत कामावर रुजू झाला. संध्याकाळी जेवताना एवढेच म्हणाला, ‘चोवीस म्हंजे काय म्हातारा झालो व्हय रं मी?’ त्यानंतर आणखी नऊ वर्षे तो पेठेकडून खेळला. मुंबईचे नाव मात्र त्याने पुन्हा कधी काढले नाही.

मी १९७६ मध्ये नोकरीनिमित्त दिल्लीत आलो. एका हिवाळ्यात दादा माझ्याकडे राहावयास आला. तेव्हा ड्युरँड चषकाचे सामने दिल्लीत होत. सिमल्याला १८८८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीस आली आणि पुढे कित्येक दशके दिल्लीच्या हिवाळ्याचा भाग होऊन राहिली. २०१९ मध्ये ती कोलकात्याला गेली. दिल्ली गेटजवळच्या, आज आंबेडकर स्टेडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर आम्ही दोघे शेंगदाणे खात सामना पाहत होतो. कलकत्त्याच्या संघाचा एक डावखुरा खेळाडू सुरेख खेळत होता. दादा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘ही पोरं आपल्यासारखीच हायत की. कुणीतरी हितवर आणून सोडलंय, एवढंच.’ ते बोलणे मी त्या वेळी हसण्यावारी नेले.

६ ऑक्टोबर २०१७ या दिवशी मला त्या बोलण्याची आठवण झाली. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला होता आणि भारताचे गटातील तिन्ही सामने आपल्या दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर होते. भारताचा कोणताही पुरुष संघ फुटबॉलच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेविरुद्धच्या सामन्याला नातवाला घेऊन मी गेलो होतो. संघातील नावे पुकारली जात होती, आणि त्यात एक नाव आले: अनिकेत जाधव. कोल्हापूरचा मुलगा. माझ्या शेजारी बसलेल्या सरदारजींना मी मराठीत सांगू लागलो की हा आमच्या गावचा. त्यांना काय समजले देव जाणे, पण त्यांनी माझा हात हातात घेऊन जोराने हलवला. दादा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

त्या स्पर्धेत आपण तिन्ही सामने हरलो. अमेरिकेकडून तीन गोलांनी, घानाकडून चार गोलांनी. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल केला, आणि विश्वचषकातील भारताच्या त्या पहिल्या गोलाचा आनंद जेमतेम एक मिनिट टिकला. कोलंबियाने लगेच दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. त्याच संघात नमित देशपांडे हाही होता, अमेरिकेत वाढलेला, परदेशस्थ भारतीयांतून निवडला गेलेला मराठी मुलगा. एक मुलगा पंचगंगेच्या काठचा, दुसरा सातासमुद्रापलीकडच्या मराठी घरातला, आणि दोघांची गाठ पडली ती दिल्लीत. आपल्यासारख्या दूरस्थांना याहून सुखद योगायोग कोणता?

अनिकेतला वर यावयास पायरी मिळाली, ती पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीची. लहान वयात मुले निवडायची, त्यांना राहण्या-जेवण्याची, शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची सोय करून द्यायची, ही शासनाची योजना. विश्वचषकानंतर तो इंडियन अ‍ॅरोज संघात गेला आणि २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये चेन्नई सिटीविरुद्ध त्याने दोन गोल केले. पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. २०२२ मध्ये हैदराबादने गोव्यात केरळ ब्लास्टर्सला हरवून इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता, आणि त्याच वर्षी तो भारताच्या वरिष्ठ संघातही आला. त्याच्या आधी कोल्हापूरचाच निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोहोचला होता. म्हणजे शाहू स्टेडियमवरून वर जाता येत नाही असे नाही. मात्र ज्याला जायचे आहे त्याला फार लवकर, फार लहानपणी कोणीतरी पाहावे लागते. बाराव्या-तेराव्या वर्षी जो नजरेतून सुटला, त्याच्यासाठी पुढे काय?

मुंबईच्या कंपन्यांचे संघ एकेक करून बंद झाले. महिंद्र युनायटेड हा नावाजलेला संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. पुण्याचे क्लब आले आणि गेले. पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. गंमत पाहा, पुण्यात घडलेला कोल्हापूरचा मुलगा ज्या संघातून विजेता झाला, तो संघ पुण्याच्याच रिकाम्या झालेल्या जागेवर उभा होता. आणि २०२५ मध्ये तोही हैदराबाद सोडून येथे दिल्लीस आला, ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ हे नवे नाव घेऊन. हॅलिफॅक्सचा क्लब बुडाला तर हॅलिफॅक्समध्येच पुन्हा उगवला. आपल्याकडे मालकाचा हिशेब जुळला नाही की पायरी उचलून दुसऱ्या गावी नेली जाते. त्या पायरीवर पाय ठेवण्यासाठी उचललेला मुलगा तसाच अधांतरी राहतो. खालच्या लीगच्या विजेत्याला वर जाण्याची वाट २०२३ मध्ये प्रथम उघडली आणि पंजाबचा संघ त्या वाटेने वर गेला, ही मात्र चांगली गोष्ट घडली.

येथवर मी व्यवस्थेला दोष दिला. तो देणे सोपे असते. आता थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण ते सांगितल्यावाचून हे भाषण अप्रामाणिक ठरेल.

माझा मुलगा याच शहरात वाढला. तो चांगला खेळे, काकाचा डावा पाय त्याने घेतला होता. सतराव्या वर्षी एका निवड चाचणीत त्याचे नाव यादीत आले नाही. तो हिरमुसला होऊन घरी आला आणि मी काय केले? मी म्हणालो, ‘झाले ना समाधान? आता अभ्यासाला लाग.’ आठवड्याभरात बूट माळ्यावर गेले. त्याने कधी शब्दाने तक्रार केली नाही. तो शिकला, इंजिनिअर झाला, सुखात आहे. पण २०१६ च्या मे महिन्यात, लेस्टर जिंकले त्या दिवशी, त्याचा सकाळीच फोन आला. म्हणाला, ‘बाबा, तो वार्डी पंचविसाव्या वर्षी...’ आणि तेथेच थांबला. मग त्याने आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

ते अर्धे वाक्य तेव्हापासून माझ्याजवळ आहे. मुंबईच्या त्या माणसाने दादाला जे सांगितले, तेच मी माझ्या मुलाला सांगितले होते. त्याने निदान चोविसाव्या वर्षापर्यंत वाट पाहिली. मी सतराव्यालाच निकाल देऊन टाकला. माझा मुलगा मोठा खेळाडू झाला असता असे मी म्हणत नाही. बहुधा झाला नसता. वार्डीसारखे लाखांत एक. पण आणखी पाच-सात वर्षे खेळण्याचा त्याचा आनंद मी काढून घेतला, आणि तो काढून घेण्याचे मला काही कारण नव्हते. भीती होती, एवढेच. परक्या शहरात आलेल्या माणसाला मुलांच्या बाबतीत फार भीती वाटते. आपल्यामागे शेत नाही, वाडा नाही, भाऊबंद नाहीत. मुलाने पटकन पायावर उभे राहावे, एवढेच आपल्याला दिसते. सभागृहातील पुष्कळांना माझे म्हणणे कळत असावे.

अध्यक्षमहाराज, पन्नास वर्षांत मंडळाने आम्हांला गणपती दिला, नाटके दिली, दिवाळी अंक दिले, अडल्यानडल्याला हात दिला. या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी दोन लहानशी मागणी आहेत. एक, रविवारी सकाळी कोठे तरी एक मैदान मिळवावे, दोन चेंडू घ्यावेत, आणि फलकावर लिहावे की येथे वयाची अट नाही, मुलींनाही नाही. दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते. निवड चाचणीसाठी, स्पर्धेसाठी महाराष्ट्रातून कोणी मुलगा वा मुलगी दिल्लीस येणार असेल आणि त्याचे येथे कोणी नसेल, तर मंडळाच्या वहीत अशा दहा घरांचे पत्ते असावेत की जेथे त्याला दोन रात्री निजावयास जागा आणि सकाळी गरम चहा मिळेल. क्लब स्थापन करणे, लीग चालवणे आपल्या हातात नाही. एका मुलाला स्टेशनच्या बाकावर झोपून मैदानात उतरावे लागू नये, हे आपल्या हातात आहे. यादीत पहिले घर माझे लिहावे. कार्यवाहांकडे पत्ता आहेच.

 मंडळाच्या शतकमहोत्सवास मी नसेन. परंतु त्या दिवशी या व्यासपीठावरून कोणी तरी उठून म्हणो, की मी पहिल्यांदा दिल्लीस आलो तेव्हा दोन रात्री मंडळाच्या एका घरी राहिलो होतो. एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय महाराष्ट्र, जय हिंद.